ब्रेझनवाले सर

आमच्या कारखान्यावरच्या खोलीत भाडेकरू तीन महिन्यांच्या वर कधी टिकला नाही. खाली दिवसभर पितळ ठोकणं चालतं, वर राहणाऱ्याचं डोकं फिरतं. त्यात कोणाचा दोष नाही. सर खोली पाहायला आले ते जिना चढलेच नाहीत. खाली माझ्यापाशीच उभे राहिले. मी गडवा ठोकत होतो. गडवा म्हणजे पाण्याचा तांब्या. पितळेच्या भांड्याला लोक तांब्या का म्हणतात ते मला आजवर कळलं नाही, मी म्हणत नाही.

अर्धा तास उभे राहून सर म्हणाले, "काकाजी, हा आवाज सकाळी कितीले सुरू होते?"

मी म्हटलं, "आठले."

"सातले नाही होत का?"

मी खोलीची चावी त्यांच्या हातात दिली.

सर इंग्रजी शिकवत. शाळेचं नाव मी लिहीत नाही, त्याची गरज नाही. घर त्यांचं तिगावचं, तिथं संत्र्याची थोडी झाडं आणि बायको. शनिवारी शाळा सुटली की ते तिगावला जात आणि सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं परत. आता ते तिथंच असतात. माणूस उंच, वाळलेला, खिशाला तीन पेन, त्यातला एकही चालत नसे. सही करायची वेळ आली की माझ्याकडून पेन्सिल मागत. मी एकदा विचारलं, मग हे तीन कायले बाळगता. म्हणाले, "यायनं माही नोकरी केली काकाजी. म्हातारे झाले म्हणून काय फेकून देऊ?"

त्यांच्याजवळ एक डिक्शनरी होती, विटेएवढी जाड. उघडून उघडून तिची पाठ निघाली होती. सुतळीनं बांधून फिरवत. मला ते पाहवेना. मी तिला पत्र्याची पाठ करून दिली आणि दोन्ही बाजूंना पितळेच्या बिजागऱ्या लावल्या. तेव्हापासून ती दरवाजासारखी उघडे. सर वर्गात गेले की आधी बिजागरी वाजवत आणि म्हणत, "चला, आत या." पोरं हसत. मला हे पोरांनीच सांगितलं.

अमावस्येला आमच्याकडं हातोडा उचलत नाहीत. त्या दिवशी सर घरात मांजरीसारखे फिरत. वरून खाली, खालून वर. आमची म्हातारी म्हणे, "सर, आज तरी निवांत झोपा." तर म्हणत, "वहिनी, झोपावं कसं? सगळं बंद पडल्यासारखं वाटून राह्यलं."

जामसांवलीच्या मारुतीवर त्यांची श्रद्धा होती. तिथला मारुती निजलेला आहे, ठाऊक असेलच. आठवड्याचा नवा शब्द ते आधी त्याला सांगून येत. मी म्हटलं, झोपलेल्या देवाले काय ऐकू जाते? सर म्हणाले, "तीस वर्षं झाली शिकवून राह्यलो. मले झोपलेल्याइलेच शिकवायची सवय हाये."

हे सगळं मी माझ्या हातानं लिहून राहिलो. नातवानं मोबाइलमध्ये बोलून लिहायला शिकवलं होतं, पण तो मोबाइल माझं बोलणं हिंदीत करून टाकी, म्हणून वही घेतली. मी चौथी नापास नाही. चौथीच्या परीक्षेला बसलोच नाही, म्हणून मला नापास कोणी म्हणू शकत नाही. गुरुजींनी माझ्या पाटीवरचं उत्तर पुसून त्यांचं लिहिलं, मी दप्तर उचललं आणि बापाच्या भट्टीवर येऊन बसलो. ते उत्तर माझंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो.

सरांची शिकवायची तऱ्हा उलटी. शब्दाचा अर्थ विचारला तर सांगत नसत. उलट विचारत, "हा कशाचा बनला?" त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक शब्द आधी कुठल्या तरी वस्तूत होता, हाताला लागत होता, मग लोकांनी तो तोंडात घेतला. म्हणून ते पोरांना वस्तूपाशी नेत. कापसाचा शब्द आला की जिनिंगवर. गाडीचा आला की स्टेशनवर. हेडमास्तरांचा याच गोष्टीवर राग. ते म्हणत, शाळेला भिंती कशासाठी बांधल्या आहेत.

एका संध्याकाळी सर डिक्शनरी उघडी धरून जिना उतरले.

"काकाजी, तुमचा शब्द सापडला."

"माझा कोणता?"

"ब्रेझन. ब्रास म्हणजे पितळ. ब्रेझन म्हणजे पितळेचं. जसं लाकूड आन् लाकडी. लय जुना शब्द हाये, हजार वर्षाच्या वरचा."

मला बरं वाटलं. आपल्या धंद्याचा शब्द इतका जुना निघावा, कोणाला बरं वाटणार नाही. मी म्हटलं, वाचा पुढं.

"पह्यला अर्थ, पितळेचं बनलेलं. दुसरा, पितळेच्या रंगाचं. तिसरा, पितळेच्या वाजंत्रीसारखा कर्कश आवाज."

"पितळ कर्कश नाही वाजत. वाजवणाऱ्याले येत नसन. चौथा?"

सरांनी डिक्शनरी थोडी मिटली. "चौथा जाऊ द्या."

"जाऊ द्या कसा? माझा शब्द हाये म्हणता आन् अर्धा ठेवता?"

"चौथा म्हणजे बेशरम."

मी हातोडा खाली ठेवला.

सर समजावू लागले. "पाहा, माणूस लाजला की तोंड लाल होते. कातड्याचं तोंड हाये ना. पण एखाद्याले कितीही बोला, त्याचा रंगच बदलत नाही. मग इंग्रज म्हणाले, याचं तोंड पितळेचं. पितळ काही लाल होत नाही. म्हणून ब्रेझन म्हणजे निर्लज्ज. आता तर तोच अर्थ चालते. पह्यले तीन पुस्तकात पडून हायेत."

"ज्यानं हे ठरवलं त्यानं पितळ कधी हातात धरलं होतं का?"

"ते नाही माहीत. पण गंमत अशी की त्या काळात पितळ आन् कांसं, दोन्हीले त्यायचा एकच शब्द होता."

"झालं मग," मी म्हटलं. "ज्याले कांसं आन् पितळ ओळखू येत नाही तो पितळेले बेशरम म्हणते. पितळ लाल होते, सर. मी दाखवतो."

"मले नका दाखवू," सर म्हणाले. "माझ्या वर्गाले दाखवा."

मी म्हटलं, हो, उद्याच आणा वर्ग. पुढचं सगळं त्या हो मधून निघालं, म्हणून लिहून ठेवतो की वर्ग आणायला मीच सांगितलं.

पितळ लाल कसं होतं ते आधी सांगतो. भट्टीतून काढलेलं पितळ काळं असतं. ते चिंचेच्या पाण्याच्या कुंडीत टाकतात, पाण्यात जरासं तेजाब असतं, काळं निघून जातं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रोज भांडी धुऊन धुऊन त्या पाण्यात थोडं तांबं उतरतं. म्हणून आमच्यात नियम आहे, कुंडीत लोखंड घालायचं नाही. भांडं लाकडानं काढायचं. लोखंड पडलं की पाण्यातलं सगळं तांबं बाहेर येतं आणि भांड्यावर जाऊन बसतं. पिवळं भांडं पाहता पाहता लाल होतं. शिकाऊ माणसाच्या हातून हे एकदा होतं, मग त्याला वर्षभर चिडवतात. माझ्या हातून ते कधी झालं नव्हतं.

वर्ग आला. बत्तीस-तेहतीस पोरं-पोरी, भट्टीभोवती दाटीवाटीनं. सर मागं भिंतीला टेकून उभे, हातात डिक्शनरी. मी पितळेच्या जुन्या मुठीचा एक तुकडा कुंडीत सोडला आणि लोखंडी सांडशी त्याला लावून धरली. थोड्या वेळानं तुकडा वर काढला. गाभुळलेल्या चिंचेसारखा लाल.

सर भिंत सोडून पुढं आले. त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडात नेला, पोरांकडं वळले आणि म्हणाले, "पोरांनो, इंग्रज चुकले."

त्या दिवशी मला कोणी थांबवायला हवं होतं. कोणी थांबवलं नाही. मी जस्त सांगितलं, कांसं सांगितलं, माझा आजा भांडी डोक्यावर घेऊन बाजार करी ते सांगितलं. पोरं विचारत गेली, मी बोलत गेलो. माणसाला आयुष्यभर कोणी विचारत नाही आणि एक दिवस तेहतीस जण विचारतात, तर तो काय करणार. सांडशी कुंडीतच राहिली. आणि कुंडीच्या तळाशी, सकाळी मीच टाकलेले, लग्नाचे पाच गडवे होते.

पोरं गेल्यावर मी लाकूड घालून पहिला गडवा वर काढला. काढला आणि परत आत सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या पोरीचं. गडवे रुखवतात मांडायचे होते, पोरीचं नाव कोरलेले. मी आणि म्हातारी राख आणि विटेचा भुगा घेऊन घासत बसलो. पोट पिवळं झालं. पण गळ्याच्या खाचेत आणि कोरलेल्या नावात लाल राहून गेलं. तसेच पाठवले. दिसणार नाही असं वाटलं.

रुखवताजवळ बायकांना सगळं दिसतं. नवऱ्याकडच्या एका बाईनं गडवा उचलला, नावावरून नख फिरवलं आणि म्हणाली, "कायचा हाये हो? आत तांबं, वर पितळेचा मुलामा?" मांडवभर तेच झालं.

तिसऱ्या दिवशी पोरीचा बाप थैलीत पाचही गडवे घेऊन माझ्या दारात उभा. तो शाळेच्या पालक समितीतही होता. म्हणाला, "काकाजी, तुमच्या हातचं भांडं आन् मुलाम्याचं? सोयऱ्याइसमोर माझं नाक गेलं."

मुलामा हा शब्द आमच्या दारात कधी कोणी उच्चारला नव्हता. माझ्या बापाच्या वेळी नाही, आजाच्या वेळी नाही. मी म्हणालो, "मुलामा नाही बाप्पा. शाळेची पोरं आली होती पाहायले. कोणीतरी लोखंड घातलं कुंडीत."

"कोण्या पोरानं?"

खोट्याला एक खिळा ठोकावा लागतो, नाहीतर ते उभं राहत नाही. आमच्या गल्लीतून एक पोरगी रोज शाळेत जाई, जाड चष्म्याची. जाताना थांबून कारखान्यात पाहत असे. तिचा चेहरा माझ्या जिभेवर आला.

"चष्म्याची पोरगी होती एक," मी म्हणालो.

तो गेल्यावर म्हातारीनं आतून विचारलं, "कोण्या पोरीनं घातलं हो लोखंड?" मी भट्टी फुंकू लागलो. तिनं परत विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षांत तिला माझी भट्टी कधी कशासाठी फुंकली जाते ते कळून चुकलं आहे.

आठवडा गेला आणि सर एक कागद घेऊन खाली आले. चेहरा असा की जणू पोरगा पास झाला.

"काकाजी, आपला शब्द आला."

हेडमास्तरांनी वर तक्रार पाठवली होती. तीही इंग्रजीत, वजन पडावं म्हणून. सरांनी बोट ठेवून वाचलं. न विचारता वर्ग बाहेर नेला, हजेरी न घेता नेला, एका विद्यार्थिनीनं एका गरीब कारागिराचं नुकसान केलं, आणि या शिक्षकाचं नियमांकडं वागणं म्हणजे ब्रेझन.

"पाहा, चौथा अर्थ. अगदी जागेवर बसवला. माझ्या वर्गात असते तर पैकीच्या पैकी दिले असते."

"गरीब कारागीर कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच."

मी गरीब नाही, हे मला बोलायचं होतं.

"मग आता काय होईन?" म्हातारीनं विचारलं.

सरांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "वरून साहेब येतीन चौकशीले. शेवटचं वर्ष हाये माझं. बहुतेक वर्गातून काढून ऑफिसात बसवतीन. फायली लावायच्या." मग म्हणाले, "फायलीले काही विचारता येत नाही ना, वहिनी. फाईल उत्तर देत नाही."

एवढं बोलून ते वर गेले. बिजागरी वाजली नाही.

सांडशी मी घातली हे सरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मागं भिंतीला टेकून तेच उभे होते. पण त्यांनी एका शब्दानं मला विचारलं नाही. रोज संध्याकाळी खाली येत, पाटावर बसत, नवा शब्द आणत. एक दिवस शिशाचा आणला. म्हणाले, शिसं जड म्हणून इंग्रज जड पायालाही शिशाचे पाय म्हणतात. मी म्हटलं, सर, आज राहू द्या. तर म्हणाले, "बरं, उद्या." भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणात मी कोणाला हार गेलेलो नाही.

साहेब आले त्या दिवशी मला साक्षीला बोलावणं होतं. धुतलेली टोपी घातली. हेडमास्तरांच्या खोलीत साहेब, हेडमास्तर, नवरीचा बाप, कोपऱ्यात लिहिणारा बाबू. सर उभेच होते. खिडकीबाहेर व्हरांड्यात पोरांची डोकी.

इकडं सरकारी कामकाज हिंदीतच चालतं. साहेब माणूस समंजस वाटला. मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बाबा, उस लड़की का पूरा नाम बताइए. बयान में लिखना पड़ेगा."

मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "साहेब, माझी एक विनंती हाये. पोरीचं नाव कागदावर नका घेऊ. वर्ग मी नेला. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. मले ऑफिसात बसवायचं तर बसवा, पण पोरीचं नाव नका घेऊ."

ते हात जोडून बोलत होते. सरांना हात जोडलेलं मी जामसांवलीशिवाय कुठं पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "लोखंड मी घातलं."

बाबूचा पेन थांबला. साहेबानं विचारलं, "आपने?"

"मीच. वर्गही मीच बोलावला. सर नाही म्हणत होते, असं नाही, पण हट्ट माझा होता. पोराइले पितळ लाल करून दाखवलं आन् बोलता बोलता सांडशी कुंडीत राहून गेली. गडवे आत होते."

नवरीचा बाप खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे मुलामा नव्हता?"

"मुलामा नव्हता. पाण्यातलं तांबं चढलं होतं."

साहेबानं बाबूला सांगितलं, लिखो. बाबूनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, की कारीगर की लापरवाही से बर्तन खराब हुए. मी म्हटलं, लापरवाही काढा. साहेब म्हणाला, फिर क्या लिखें? मी म्हटलं, साठ वर्षांत माझ्या हातून लापरवाही झाली नाही, हे बोलण्यात विसरणं आहे, ते वेगळं. सर लगेच म्हणाले, "बरोबर हाये साहेब, दोन्हीत फरक हाये." त्यांची नोकरी टांगलेली आणि ते माझ्या शब्दासाठी भांडत होते. शेवटी बाबूनं खोडून लिहिलं, बातों में भूल हुई. मी म्हटलं, आता बरोबर.

मग साहेबानं पेन खाली ठेवला आणि माझ्याकडं पाहून विचारलं, "तो बाबा, लड़की का नाम क्यों लिया?"

कानापासून गळ्यापर्यंत सगळं तापलं. माझं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं नाही. सर माझ्याकडं पाहत होते, त्यांनी नजर खिडकीकडं वळवली, एवढं दिसलं.

साहेबानं उत्तराची वाट पाहिली नाही, हे त्याचे उपकार. हजेरी न घेतल्याबद्दल सरांना ताकीद दिली, वर्ग त्यांच्याकडंच ठेवला. ताकिदीवर सही करायला सरांनी तिन्ही पेन चालवून पाहिले आणि बाबूचा मागितला.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. मला बोलायचं होतं, पण सवय नाही. आजवर मी कोणाला चुकलं असं म्हटलेलं नाही, म्हातारीलाही नाही. "सर," मी म्हटलं, "ते मी..."

"मले कायले सांगता काकाजी," सर म्हणाले. "ती तिकडं उभी हाये." आणि वर्गात निघून गेले.

ती खांबापाशी उभी होती. जाड चष्मा, तेल लावलेल्या दोन वेण्या. जवळून पाहिली तर मला वाटली त्याहून लहान. बाकीची पोरं सरकून उभी राहिली.

"बाई," मी म्हटलं, "तुझं नाव मी खोटं घेतलं. लोखंड मी घातलं होतं. माझं चुकलं."

"मले माहीत हाये, आबाजी," ती म्हणाली. "मी त्या दिवशी आलीच नव्हती. मले ताप होता."

"मग तू कोणाले सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं ना. बाबाले सांगतलं, मोठ्या सरले सांगतलं. आमच्या सरनं बी सांगतलं, तर ते म्हणे हजेरी दाखवा. सगळे म्हणे, आबाजी कायले खोटं बोलतीन, त्या म्हाताऱ्यानं कधी खोटं बोललं नाही."

माझी एवढी तारीफ आयुष्यात कोणी केली नव्हती. मी टोपी काढली, परत घातली.

ती जाईना. चप्पलेनं फरशी घासत उभी. मी विचारलं, "आता काय?"

"सगळ्याइनं पाह्यलं," ती म्हणाली. "मीच राह्यली."

"काय पाह्यलं?"

"पितळ लाल कसं होते ते."

"उद्या ये," मी म्हटलं. "आठनंतर. आन् कशाले हात नको लावू."